विहारातली बैठक आणि रक्तातली साखर



गोड कमी खा, भात बेताने खा, रोज चाला, तंबाखू सोडा. मधुमेहाबद्दलच्या या चार गोष्टी आता वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. दवाखान्याच्या भिंतीवर त्या रंगवलेल्या असतात, मोबाईलवर रोज येतात. तरीही घराघरांतल्या फळीवर शुगरच्या गोळ्यांची पाकिटं वाढत चालली आहेत. कुणाच्या पायाचं बोट काढावं लागतं, कुणाची नजर मंदावते, कुणाच्या किडनीवर येतं. म्हणजे अडचण माहितीची उरलेली नाही. कळतं, पण वळत नाही, ही अडचण आहे.

कळलेलं वळावं कसं, याचं एक पक्कं उत्तर बांगलादेशातल्या खेड्यांतून आलं आहे. ते आपल्या वस्त्यांच्या आणि विहारांच्या फार कामाचं आहे, म्हणून या वेळचं आरोग्याचं पान त्यासाठी.

फरीदपूरची ९६ गावं

बांगलादेशात फरीदपूर नावाचा जिल्हा आहे. भात खाणारी, शेती-मजुरी करणारी गावं. तिथे बांगलादेशची डायबेटिक असोसिएशन आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी मिळून ९६ गावांत एक अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गावांचे तीन सारखे गट केले. पहिल्या गटातल्या गावांत दर महिन्याला गावकऱ्यांची बैठक भरायची, अशी दीड वर्ष. दुसऱ्या गटातल्या लोकांच्या मोबाईलवर आठवड्यातून दोनदा मधुमेहाविषयी आवाजी संदेश जायचा, असा चौदा महिने. तिसऱ्या गटात नेहमीच्या सरकारी सेवेपलीकडे काही नव्हतं.

बैठक म्हणजे भाषण नव्हे. डॉक्टर येऊन शिकवत नव्हता. त्याच भागातली, थोडं प्रशिक्षण घेतलेली माणसं बैठक चालवत. बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी. आधी लोकांनी सांगायचं, आपल्या गावात मधुमेह का होतो आणि आवरत का नाही. मग त्यावर आपणच उपाय ठरवायचे, ते करून पाहायचे आणि शेवटी काय जमलं, काय जमलं नाही याचा हिशेब मांडायचा.

निकाल डोळे उघडणारा होता. मोबाईलच्या संदेशांनी लोकांची माहिती वाढली, पण मधुमेहाच्या प्रमाणात फरक पडल्याचं दिसलं नाही. बैठकीच्या गावांत मात्र मधुमेह आणि काठावरची साखर असलेल्यांचं मिळून प्रमाण, काहीच न केलेल्या गावांच्या मानाने शंभरामागे वीसने कमी निघालं. ज्यांची साखर आधीच काठावर होती, त्यांच्यातही पुढच्या दोन वर्षांत मधुमेह जडण्याचं प्रमाण शंभरामागे जवळपास नऊने कमी राहिलं. यासाठी कुठलंही नवं औषध दिलं नव्हतं. महिन्यातून एकदा शेजाऱ्यांनी एकत्र बसायचं आणि ठरवलेलं मिळून करायचं, एवढंच होतं.

"आम्हाला कशी होईल शुगर?"

वस्तीत हा प्रश्न अजून ऐकू येतो. शुगर खात्यापित्या घरातल्यांना होते, शेतात राबणाऱ्यांना नाही, असा समज आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शहरांत प्रौढांपैकी १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के. म्हणजे खेड्यातल्या दर अकरा-बारा मोठ्या माणसांत एक. काठावरची साखर तर शहर आणि खेडं दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे, शंभरात पंधरा जणांना. खेडं आज मागे दिसत असलं, तरी त्याच वाटेवर आहे.

दुसरा समज असा, की बारीक माणसाला मधुमेह होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, तर इंग्लंडच्या बाळांचं ३.५ किलो. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त आणि मांस कमी आढळलं. आईच्या पोटात पोषण कमी पडलेल्या बाळाला पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त राहतो, हे आता जगभर मान्य झालं आहे.

याचा अर्थ आपल्या समाजाने नीट समजून घ्यावा. गावकुसाबाहेर आपल्या आज्या-पणज्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्याच पोटी बाळंतपणं झाली. उपासमार त्यांच्याबरोबर संपली असं नाही. म्हणून मधुमेह हा लाडाचा आजार नाही. बारीक अंगकाठी, पण पोट सुटलेलं, असं असेल तर तपासणी करून घ्यायलाच हवी. गरोदर लेकी-सुनांची साखर पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासली जाते की नाही, हेही विचारा. सरकारी नियम तसाच आहे.

राजा पसेनदीचं ताट

आपल्या परंपरेत या विषयावरची एक जुनी कथा आहे. संयुत्त निकायात येते. कोसलचा राजा पसेनदी, म्हणजे प्रसेनजित, भरपूर जेवून धापा टाकत तथागतांकडे आला. बुद्धांनी त्याला जेवणातल्या मर्यादेविषयी एक गाथा सांगितली. राजाला ती पटली. पण पटलं म्हणून ताटासमोर बसल्यावर हात आवरेलच, याची खात्री राजालाही नव्हती. म्हणून त्याने सुदस्सन नावाच्या तरुणाला काम दिलं. मी जेवायला बसलो की ही गाथा माझ्याजवळ म्हणायची. हळूहळू राजाचा भात द्रोणभरावरून नाळीभरावर आला आणि अंग हलकं झालं.

राजाला गाथा कळली होतीच. उपयोग झाला तो ताटाजवळ रोज बसणाऱ्या सुदस्सनचा. फरीदपूरच्या बैठकीने हेच केलं. आपल्या वस्तीतला सुदस्सन कोण, हा आपला प्रश्न आहे.

वर्षावासाचे तीन महिने

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. संध्याकाळी बाया-माणसं येतात, बसतात, ऐकतात. फरीदपूरला बैठका उभ्या करायला बाहेरून माणसं यावी लागली. आपल्याकडे माणसं जमतातच.

योगायोग असा, की रक्तातल्या साखरेची एक तपासणीही तीन महिन्यांचाच हिशेब सांगते. तिला एचबीएवनसी म्हणतात. 'तीन महिन्यांची साखर' या नावानेच ती वस्तीत ओळखली जाते. वर्षावास सुरू होताना एक तपासणी आणि संपताना दुसरी, म्हणजे आपण काय कमावलं ते कागदावर दिसेल. मात्र एक काळजी घ्या. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आहे, आणि बायकांमध्ये रक्त कमी असणं तर सगळीकडेच. अशा माणसांत ही तपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते. त्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघावी, आणि सिकलसेल असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं.

वाचन झाल्यावर आठवड्यातून एक दिवस अर्धा तास आरोग्यासाठी ठेवा. पुढची मांडणी अशी करता येईल.

पहिला महिना मोजमापाचा

गावात आशाताई असते. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरणं हे तिचं ठरलेलं काम आहे. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, आईवडिलांना असलेला आजार असे प्रश्न असतात. गुण चारच्या वर गेले, तर पुढची तपासणी लगेच करायची असते. आशाताई घरी येते तेव्हा आपण मजुरीला गेलेलो असतो आणि तक्ता अर्धवट राहतो. तिला विहारातच बोलवा. एका संध्याकाळी वीस-पंचवीस जणांचे तक्ते होतील.

कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर असेल, तर सावध व्हायचं. मग उपकेंद्रातले, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातले, समुदाय आरोग्य अधिकारी बोटाच्या थेंबावर साखर आणि सोबत रक्तदाब तपासतील. बोटाची साखर १४० च्या वर आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पक्की तपासणी करायची. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा दोन तासांनंतरची २०० किंवा जास्त, आणि हे दुसऱ्यांदाही तसंच आलं, तर मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे काठावर. काठावरच्या माणसालाच या बैठकीचा सगळ्यात जास्त फायदा आहे, कारण त्याला अजून मागे फिरता येतं.

दुसरा महिना ताटाचा

"भात बंद करा" असं सांगणाऱ्यांनी आधी रेशनकार्ड बघावं. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, आणि त्यात मुख्यतः तांदूळ आणि गहू असतो. जे घरात येतं तेच शिजणार. म्हणून भाताला नावं ठेवण्यापेक्षा ताटाची वाटणी बदलू. ताटाचे चार भाग करा. दोन भाग भाजी, एक भाग डाळ, उसळ किंवा अंडं-मासळी, आणि एकाच भागात भात नाहीतर भाकरी. आज आपल्या ताटात तीन भाग भात आणि वर पातळ कालवण असतं.

भाजी महाग पडते, हे खरंच आहे. इथे एकट्या घरापेक्षा वस्तीला जास्त जमतं. वर्षावास पावसाळ्यातच येतो. तांदुळजा, घोळ, अंबाडी, टाकळा, शेवग्याचा पाला ही आपल्या आजीच्या ओळखीची भाजी बांधावर उगवते. विहाराच्या आवारात शेवग्याची दोन झाडं आणि दोन वाफे पालेभाजी लावायला फार खर्च येत नाही. आठवड्यातून एकदा महिला मंडळाने ती वाटून घ्यावी.

दुसरा हिशेब चहाचा. कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे, साधारण ५० ग्रॅम. एका माणसाची महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली उत्तम. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. गुळाचा चहा चालतो, ही समजूत खोटी आहे. गूळही साखरच. सुरुवात विहारातल्या चहापासून करा. तिथे कमी साखरेचा चहा मिळू लागला, की पाहुण्याला गोड चहा दिला नाही म्हणून घरच्या बाईला बोल लागणार नाही. पौर्णिमेची खीर असू द्या, पण वाटी लहान ठेवा.

तिसरा महिना पायांचा

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम लागेल असं चालणं. शेतात खुरपणारी बाई म्हणेल, मी दिवसभर राबतेच की. बरोबर आहे, कामाच्या हंगामात तिला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. पण आता मळणी यंत्राने होते, मजुरी वर्षभर मिळत नाही, आणि वय झालं की बसणं वाढतं. कामाचे दिवस नसतील तेव्हा चालायचं. बायकांना एकटीला रस्त्यावर चालायचा संकोच वाटतो, अंधाराची भीती असते. दहाजणी मिळून निघाल्या की संकोच जातो. वस्तीच्या रस्त्यावर दिवा नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

याच महिन्यात तंबाखू, मिश्री आणि दारूवर बोला. पाचवं शील आपण दर वंदनेला घेतो. ते घेणाऱ्याला टोमणे मारून दारू सुटत नाही. पुरुषांची बैठक वेगळी घेतली, तर तिथे मनातलं निघतं.

ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, त्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत किंवा घरच्याने बघावेत. अनवाणी चालू नये, बधिर पायाला शेक देऊ नये. काढा सुरू केला म्हणून गोळी बंद करू नये. उपोसथाचं अष्टशील घेताना दुपारनंतर जेवण नसतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये. अंग थरथरलं, घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. यात शीलभंग नाही. आजारी भिक्खूंना दुपारनंतरही मध आणि गूळ औषध म्हणून घेण्याची मुभा विनयात आहे.

कुणी काय करायचं

विहार समितीने जागा आणि वेळ द्यावी. महिला मंडळाने नावांची वही ठेवावी. जयंती मंडळाच्या पोरांनी म्हाताऱ्यांना तपासणीला नेण्या-आणण्याचं काम घ्यावं, मिरवणुकीची ताकद वर्षभर दिसू द्यावी. आशाताई आणि आरोग्य अधिकाऱ्यांना आधी महिनाभर पत्र द्यावं, म्हणजे तपासणीच्या पट्ट्या कमी पडणार नाहीत. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. त्या समितीत आपल्या वस्तीची बाई आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळाल्या पाहिजेत. नसतील तर किती दिवसांपासून नाहीत, हे वहीत तारखेसह लिहा आणि त्या वहीनिशी दहाजण मिळून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. सरकारी सेवा आणि वस्ती यांची भागीदारी म्हणजे त्यांनी द्यायचं आणि आपण हात पसरायचे, असं नव्हे. आपण आपलं काम करायचं आणि त्यांचं काम मागून घ्यायचं.

"आम्ही शिकलेल्या नाही, आम्हाला कसं जमेल," असं ज्या म्हणतील त्यांनी जामखेड आठवावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केलं, तेव्हा गावाचं आरोग्य सांभाळायला त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हाताने गावाची बाळंतपणं सुखरूप होऊ लागली.

यात जादू नाही, हेही सांगते. केरळात नेय्याट्टिनकरा तालुक्यात अशाच शेजाऱ्यांच्या गटांचा हजारभर लोकांवर अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत लोकांच्या जेवणात फळं-भाज्या वाढल्या, दारू कमी झाली, पण नव्याने मधुमेह होणाऱ्यांच्या संख्येत पडलेला फरक लहान होता, ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. म्हणजे एका वर्षावासाने सगळं होईल असं नाही. वही पुढच्या वर्षीही उघडावी लागेल.

लपवू नका

शेवटचं आणि महत्त्वाचं. शुगर निघाली की लोक लपवतात. मुलीचं लग्न जमणार नाही, लोक काय म्हणतील, म्हणून गोळी डब्यात दडवतात. ज्या ग्रंथाचं आपण वर्षावासात वाचन करतो, तो मधुमेह असलेल्या माणसाने लिहिला आहे. बाबासाहेबांना अखेरची कित्येक वर्षं मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या औषधपाण्याकडे त्या बघत. तशा थकलेल्या देहाने बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला धम्म दिला, आणि ६ डिसेंबरला आपण पोरके झालो. ग्रंथ छापून आला तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात. बाबासाहेबांना जो आजार होता, तो आपल्याला आहे हे सांगायची लाज कसली?

येत्या आषाढ पौर्णिमेला वाचनाची सुरुवात होईल, तेव्हा ग्रंथाशेजारी एक कोरी वही आणि शिंप्याची टेप ठेवा. पहिलं नाव विहाराच्या अध्यक्षांचं लिहा, दुसरं त्यांच्या घरच्या ताईंचं. बाकीची नावं आपोआप येतील.

जय भीम.